आईला बोलता आलं पाहिजे

४ फेब्रुवारी

ताई,

स. न. वि. वि. लिहायची पद्धत आहे म्हणून सांगतो. नमस्कार पोचला असं समज, विनंती पत्राच्या शेवटी आहे, आणि विशेष जे काही करायचं ते सगळं आपली आईच करतेय.

तू पाठवलेलं ऑक्सिजनचं यंत्र मंगळवारी पोचलं. दोघा माणसांनी ते जिन्यावरून वर आणलं आणि घाम पुसत निघून गेले. खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं, सिलिंडर संपायची धास्ती नाही, हे तू लिहिलेलं सगळं मी आईला वाचून दाखवलं. तिने खोक्याभोवती एक चक्कर मारली, पाठवणारीचं नाव वाचलं आणि मला म्हणाली, "फ्रिजचं हे भावंड कुठे ठेवणार आहेस? माझ्या खोलीत जागा नाही."

"आई, ते तुझ्यासाठीच आहे."

"मला सिलिंडर पुरतो."

इथपर्यंत मी सांभाळून घेतलं असतं. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितल्यापासून ती रोज एका नव्या वस्तूला नाही म्हणते आणि संध्याकाळपर्यंत हो म्हणते. पण तू खोक्यात अगदी वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी ठेवली होतीस. 'यंत्राजवळ सिगारेट ओढू नये. कपाट, उशीखाली आणि बाल्कनीतल्या कुंड्यांमागे तपासावं.' ही सूचना मला करायची होती तर माझ्या नावाने पाकिटात घालायला काय झालं होतं? ती आईच्या हाताला लागली.

तिने ती वाचली. मग नाकातली नळी काढली, कानांमागून सोडवली, नीट गुंडाळी केली आणि टेबलावर ठेवली. राग आला की ती वस्तू फेकत नाही, घड्या घालते, हे तुला माहीत आहे. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा उतरायला लागला, ओठ निळे पडायला लागले, तरी ही बाई भिंतीकडे बघत ताठ बसलेली. शेवटी मी हात जोडले तेव्हा नळी पुन्हा लावली. मला मुळीच धाप लागलेली नाही असं दाखवायचा प्रयत्न करत.

फोन का करत नाहीस असं विचारतेस. घर दोन खोल्यांचं आहे. मी नुसतं 'हं' म्हटलं तरी पलीकडे कोण आहे ते तिला कळतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई ती. शिवाय तू आणि मी फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो. कुरिअरने पत्र तीन-चार दिवसांत पोचतं, आणि त्यात निदान माझं वाक्य पूर्ण होतं.

आता विनंती. चिठ्ठ्या नकोत. यंत्र पॅसेजमध्ये खोक्यातच आहे आणि मी त्याला रोज ठेचकाळतोय.

तुझा,
धाकटा

१५ फेब्रुवारी

ताई,

तक्ता मिळाला. रंगीत आहे, बघायला छान आहे. नाकातली नळी, साधा मास्क, पिशवीवाला मास्क, ठरावीक प्रमाणात ऑक्सिजन देणारा मास्क, आणि प्रत्येकापुढे मिनिटाला किती लिटर, किती टक्के. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मुलीकडून आईची तब्येत टक्क्यांत मोजून येणार, हे मी धरूनच चाललो होतो. फक्त त्यात आईचा रकाना राहिलाय. तो मी भरून पाठवतो.

सिलिंडर कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवलाय. तो बदलायला येणारा माणूस जाडजूड आहे. दोन जिने चढून आला की दारात उभा राहून धापा टाकतो. आई त्याला म्हणते, "बस. आधी तूच घे थोडा." तो बिचारा हसतो आणि पाणी पितो. सिलिंडर संपत आला की मी ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीतून त्याला फोन लावतो, शेजारी शिकाऊ माणूस चुकीच्या गिअरमध्ये गाडी रडवत असतो, आणि मी दोघांवर एकदमच ओरडतो. यंत्र लावलं असतं तर हे सगळं टळलं असतं, हे मला कळतं. मला कळून उपयोग नाही.

भावजींनी ओळखीतून पाठवलेलं, खांद्याला अडकवायचं छोटं यंत्रही आलं. ते तिने लावून बघितलं, कारण ते भावजींकडून आलंय, तुझ्याकडून नाही. तिच्या लेखी हा मोठा फरक आहे. ते यंत्र सारखं ऑक्सिजन सोडत नाही. माणसाने नाकाने श्वास ओढला की तेवढ्यापुरता एक फुसकारा देतं. आता मला सांग, आई नाकाने श्वास कधी घेते? ती बोलत असते. यंत्र वाट बघतं, वाट बघतं आणि शेवटी पी-पी करायला लागतं. ते दाखवायला आलेला माणूस नम्रपणे म्हणाला, "काकू, थोडा वेळ तोंड बंद ठेवून बघा."

आई म्हणाली, "तोंड बंदच ठेवायचं होतं तर मला दवाखान्यातून घरी कशाला पाठवलं?"

यंत्र परत गेलं.

तू आग्रह केलास म्हणून साधा मास्कही आणला. नळीपेक्षा मास्कने टक्के जास्त मिळतात हे तुझ्या तक्त्यात हिरव्या रंगात आहे. पण मास्कमधून आईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. समोरच्या काकू, ज्या मी क्लासला गेलो की तिच्यापाशी बसतात, त्यांना आधीच कमी ऐकू येतं. मग आई प्रत्येक वाक्याला मास्क वर उचलते, बोलते आणि सोडते. रबर फटकन गालावर बसतं, की तिला त्या रबराबद्दल आणखी एक वाक्य बोलायचं असतं. तासाभरात तिने मास्क जितका वेळ तोंडावर ठेवला त्याहून जास्त वेळ कपाळावर ठेवला.

नळी मात्र राहते. नाक कोरडं पडतं, कानामागे घासून लाल झालंय, तिथे मी कापूस लावून दिलाय. पण नळी लावून ती चहा पिते, काकूंशी भांडते, रेडिओवरच्या निवेदकाच्या चुका काढते. तुझ्या तक्त्यात नळीपुढे सगळ्यात कमी टक्के आहेत. आमच्या घरात ती एकटीच पास झाली.

आणि हो, कपाट तपासलं नाही. तपासणारही नाही. पुन्हा विचारू नकोस.

धाकटा

१ मार्च, वॉर्डाबाहेरचा बाक

ताई,

आई आता शुद्धीवर आहे आणि चिडलेली आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल. फोनवर मी तुला अर्धवट सांगितलं, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि ते तुला ऐकू जायला नको होतं.

बुधवारपासून तिला सर्दी होती. गुरुवारी दुपारी आकडा नेहमीपेक्षा बराच खाली गेला. डॉक्टरांचा फोन लागेना म्हणून तुला लावला. तू म्हणालीस, "नळीने भागणार नाही. मास्क लाव, लिटर वाढव. पंच्याण्णवच्या वर पाहिजे." मी म्हटलं, डॉक्टरांच्या कागदावर अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव एवढंच ठेवा असं लिहिलंय. तू म्हणालीस, "कमी लिहिलंय काहीतरी. ऑक्सिजन कमी पडण्यापेक्षा जास्त झालेला काय वाईट?" मलाही ते पटलं. कोणालाही पटेल.

मी मास्क लावला, सिलिंडरवरची लिटरची चकती फिरवली. आकडा चढत चढत सत्त्याण्णववर गेला. मी तुला फोटो पाठवला, तू हात जोडल्याचं चित्र पाठवलंस. आणि आई शांत झाली. मास्क उचलला नाही, रबराला नावं ठेवली नाहीत. मी शेजारी बसून पेपर वाचत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या शेजारी बसून अख्खा पेपर वाचून झाला. मला वाटलं, चला, आराम पडला.

मग ती पुटपुटायला लागली. मी मास्कजवळ कान नेला. म्हणत होती, "कोणता नंबर हवाय? थांबा. लाइन मोकळी नाही." डोळे अर्धवट उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. हात उचलला तर पंजा फडफडत होता. मी हाका मारल्या, गालावर थोपटलं. काकू आल्या आणि एकदा बघून म्हणाल्या, "ही झोप नाही रे." आकडा मात्र सत्त्याण्णवच. मी त्या आकड्याकडे बघत रुग्णवाहिकेला फोन लावत होतो.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मला बाजूला घेऊन समजावलं. आईसारखी जुनी, थकलेली फुप्फुसं हवा आत घेतात, पण वापरलेली हवा नीट बाहेर टाकू शकत नाहीत. अशा माणसाला ऑक्सिजन कमी पडून चालत नाही आणि भरमसाट देऊनही चालत नाही. जास्त दिला की ती वापरलेली हवा आतच साठते, माणूस गुंगत जातो आणि शेवटी श्वास घ्यायचाच राहतो. बोटाच्या चिमट्याला हे दिसत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. "आकडा छान होता," त्या म्हणाल्या, "पेशंट छान नव्हता." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळभर तिच्या तोंडावर एक घट्ट पट्ट्यांचा मास्क होता, त्याला जोडलेलं यंत्र आत हवा ढकलत होतं आणि साठलेली बाहेर काढायला मदत करत होतं. सकाळी तो काढून दुसरा लावला. त्याच्या तळाशी एक पांढरा तुकडा असतो. त्या तुकड्यामुळे बाहेरची हवा ठरल्या मापात मिसळते, श्वास उथळ घ्या नाहीतर खोल, प्रमाण बदलत नाही. हाच तुझ्या तक्त्यातला 'ठरावीक प्रमाणात' वाला. त्याच्यापुढे तू लिहिलं होतंस, 'घरी आवश्यकता नाही'.

मी तुला दोष देत नाही. देतोय, पण अर्धाच. मी रोज लोकांना शिकवतो की शेजारी बसलेला काहीही सांगो, चाकावर हात तुमचा आहे. हात माझा होता. पण ताई, तू पाच हजार मैलांवरून शेजारच्या सीटवर बसतेस आणि रस्ता तुला दिसत नसतो.

आत बोलावतायत. आईला तिचा चष्मा हवाय, कारण नर्सने मास्क उलटा लावलाय अशी तिला शंका आहे.

धाकटा

८ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं वाचतोय.

'ती अजूनही ओढत असणार, त्याशिवाय इतकं बिघडत नाही. तू तिला पाठीशी घालतोस.'

आता मी आईने घातलेली शपथ मोडतो. तिला काय सांगायचं ते नंतर बघेन.

आईने सिगारेट सोडली त्याला सहा वर्षं झाली. तुझ्याकडून महिनाभर आधीच परत आली, त्या दिवशी. मी तिला आणायला विमानतळावर गेलो होतो. गाडीत बसायच्या आधी तिने पर्समधून पाकीट काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे टाक." बस, एवढंच. त्यानंतर एकही नाही. पहिले काही महिने घरात राहणं मुश्कील होतं. पेन्सिली चावायची. काकूंशी तीन आठवडे अबोला धरला, कशावरून ते दोघींनाही आठवत नाही. ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी आल्या की त्या पूर्वीसारख्या बाल्कनीत जाऊन सिगारेट पेटवायच्या आणि ही आत एकटी बसायची, दार लावून.

मी म्हटलं होतं, ताईला कळवू का. म्हणाली, "कळवलंस तर पुन्हा सुरू करीन. तिला वाटेल तिच्यामुळे सोडली."

"मग कोणामुळे सोडलीस?"

"तू तुझं काम कर."

का ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. परवा वॉर्डात तिने सांगितलं, मास्कखालून, दोन-दोन शब्द करत. तुझ्याकडे असताना तिने तुझ्या तान्ह्या चिमणीला घ्यायला हात पुढे केले. तू बाळ मागे घेतलंस आणि तुझ्या सासरच्या सगळ्यांसमोर म्हणालीस, "आई, तुझ्या अंगाला वास येतोय." तिने जाऊन अंघोळ केली, कपडे बदलले, परत आली. तू पुन्हा तेच म्हणालीस. ती पुन्हा गेली. मग बाहेर आलीच नाही, बॅग भरली.

ऐक. पेटण्याआधी पुढचं वाच. तू चुकलीस असं मी म्हणत नाही. महिन्याचं बाळ होतं. मी आईला तेच म्हटलं, आणि मला वाटलं आता ही मास्क काढून माझ्या अंगावर येणार. ती म्हणाली, "बरोबरच होती ती. म्हणून तर राग आला."

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं की सोडली तरी असं का व्हावं. त्या म्हणाल्या, तीसेक वर्षांचा धूर आहे, झालेलं नुकसान भरून येत नाही. पण सोडली नसती तर ही वर्षंसुद्धा मिळाली नसती. म्हणजे तुझ्या त्या एका वाक्याने आईची वर्षं वाढवली आणि त्याच वाक्याने तिला तुझ्यापासून तोडलं. याचा तक्ता कर जमलं तर. मी तुम्हा दोघींच्या मध्ये उभा राहून थकलोय. सहा वर्षं इकडचं तिकडे सांगायचं नाही आणि तिकडचं इकडे सांगायचं नाही, एवढंच काम मी केलं. मला यंत्रं नकोत, ताई. मला दुसरं माणूस हवंय.

काल तिने नर्सला तुझ्याबद्दल सांगितलं. "माझी मोठी मुलगी कॉलेजात शिकवते. हुशार आहे, पण ऐकत नाही." नर्सने विचारलं, कोणावर गेली आहे? आईने मास्क नीट करायचं निमित्त केलं.

धाकटा

१९ मार्च

ताई,

घरी आलो.

घरी काय लावायचं यावर डॉक्टरीणबाई आणि आई यांच्यात बैठक झाली. मी फक्त खुर्ची दिली. आईने विचारलं, तो पांढऱ्या तुकड्याचा मास्क इतका चांगला आहे तर घरी का नाही? बाई म्हणाल्या, आजारपणात तो सुरक्षित, पण रोजच्या रोज तुम्ही तो किती वेळ ठेवाल? आईने खरं सांगितलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग नळी. कमी लिटरवर, सांगितलेल्या आकड्यात. जे तुम्ही दिवसभर काढणार नाही, तेच तुमच्यासाठी चांगलं." आणि मला दम दिला की चकतीला हात लावायचा नाही, आई गुंगल्यासारखी वाटली की आकडा न बघता सरळ घेऊन यायचं. हे मी दारावर चिकटवलंय.

मग त्या म्हणाल्या, आता दिवसातला बहुतेक वेळ ऑक्सिजन लागेल, सिलिंडरवर भागवू नका, यंत्र घ्या. आई खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "पॅसेजमधलं ते खोकं उघड."

उघडलं. यंत्र तिच्या खोलीच्या दाराबाहेर ठेवलंय. लांब नळी लावली आहे, ती घेऊन आई स्वयंपाकघरापर्यंत फिरते आणि मी दिवसातून दहादा तिच्यात पाय अडकवतो. लाइट गेली तर असावा म्हणून एक सिलिंडर ठेवलाय. यंत्र सतत घुमतं. आईचं म्हणणं, ते काकूंपेक्षा बरं, मध्ये बोलत नाही.

तुझं पाकीट आलं. तिच्या नावाचं होतं म्हणून तिलाच दिलं. या वेळी पातळ होतं, त्यावरूनच कळलं की तक्ता नाही. तिने वाचलं आणि उशीखाली ठेवलं. दोन दिवस कोणाशी भांडली नाही. मी घाबरून तिला आज वार कोणता ते विचारलं, तर म्हणाली, "शुद्धीवर आहे मी. कागद आण."

सोबतचं पाकीट तिचं आहे. मी वाचलेलं नाही, तिने माझ्यासमोर चिकटवलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

धाकटा

१८ मार्च

मोठीला,

धाकट्याच्या पोटात काही राहत नाही हे मला त्याच्या लहानपणापासून माहीत आहे. त्यामुळे तुला कळलं याचं आश्चर्य नाही. पण सिगारेट तुझ्यामुळे सोडली असं समजू नकोस. रागाने सोडली. राग कोणाचा होता तो वेगळा विषय.

तुझं पत्र मिळालं. 'मी घाबरले होते' असं तू लिहिलंस. मीही घाबरले होते. महिन्याचं पोर बघितलं की कोणीही घाबरतं. तेव्हाच तसं बोलली असतीस तर मी स्वतःच लांब बसले असते. चारचौघांत वासाचा विषय काढलास. जाऊ दे. लिहायला बसले की दम लागतो, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलंय.

तुझे तक्ते मी सगळे वाचले. धाकटा मला दाखवत नसे, त्याच्या गाडीच्या कागदांत ठेवत असे, मी काढून वाचले. मेहनत दिसते. पण ज्याच्या तोंडावर लावायचं त्याला तू विचारलंच नाहीस. मास्कने गरम होतं, गाल ओले होतात आणि आपलाच श्वास आपल्याला परत येतो. दवाखान्यातला तो घट्ट पट्ट्यांचा लावला तेव्हा वाटलं, धावत्या गाडीच्या खिडकीतून कोणी माझं डोकं बाहेर धरलंय. त्यानेच वाचवलं म्हणतात, म्हणून त्याला नावं ठेवत नाही. त्या गुरुवारचं त्याआधीचं मला काही आठवत नाही. धाकटा म्हणतो मी लोकांचे नंबर विचारत होते. कोणाला कोणाशी जोडून देत होते कोण जाणे.

तुझं यंत्र चांगलं आहे. आवाज करतं, पण चांगलं आहे. त्याच्याजवळ मी कोणाला उदबत्तीसुद्धा लावू देत नाही, तेव्हा चिठ्ठीची काळजी करू नकोस.

धाकटा थकलाय. तो सांगणार नाही, नुसता चिडतो. परवा नळीत पाय अडकून पडता पडता वाचला, आणि नळीचीच माफी मागितली. त्याला चार दिवस झोप पाहिजे. त्यासाठी कोणीतरी इथे यायला हवं.

तू ये. चिमणीला घेऊन ये. तिला नळीचं भय वाटेल, तर आधीच सांगून ठेव की आजीच्या नाकात हवा जाते, बाकी काही नाही. भांडण व्हायचंच, ते होईल आणि मिटेल. मला लांबलचक बोलता येत नाही आता, दोन वाक्यं झाली की थांबावं लागतं. तेवढ्यात तू सुरू होऊ नकोस. मी थांबले म्हणजे माझं संपलं असं नसतं, मी श्वास घेत असते.

आई